राक्षस की कारभारी?

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. ‘कृष्णविवर म्हणजे अवकाशातला राक्षस, दिसेल ते गिळतो’ असं तू छातीठोकपणे लिहिलं आहेस. गिळतो हे खरं, पण ते किरकोळ रे. गिळताना तो जे बाहेर भिरकावतो, खरा प्रताप त्याचा.

ययाती तारकासमूहाच्या दिशेला, २४ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या महाकाय वसाहतींचा, एक मोठा गोतावळा आहे. मधोमध एनजीसी १२७५ नावाची थोराड दीर्घिका. या सगळ्यांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू पसरलाय, तो क्ष-किरणांत झळकतो. झळकतो म्हणजे उष्णता गमावतो. मग निवून मध्यभागी ओघळायला हवा आणि तिथे वर्षाला शेकडो सूर्यांच्या वजनाचे तारे जन्मायला हवेत. जन्मतात त्या मानाने अगदीच थोडे.

वायूला तापतं ठेवतं कोण? तर या दीर्घिकेच्या मध्यातलं कृष्णविवर, म्हणजे तुझे हेच महाशय. निवलेला वायू विवराच्या तावडीत सापडला, की त्याच्याभोवती गरगरतो आणि दोन बाजूंना प्रचंड वेगाचे झोत सुटतात. झोत बाहेरच्या वायूत बुडबुडे फुगवतात, वायू ढवळून निघतो, तापतो. तापला की आत ओघळत नाही, विवराचा शिधा बंद, झोतही मंदावतात. मग वायू पुन्हा निवू लागतो. गिझर कसा आपला आपण बंद-चालू होतो, तसंच. फक्त एक फेरा व्हायला लाखो-कोट्यवधी वर्षं.

२००३ साली केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या चमूने ‘चंद्रा’ नावाच्या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीतून या वायूत चक्क ध्वनितरंग पाहिले. पियानोच्या मधल्या ‘सी’च्या ५७ सप्तकं खालचा सूर! एक लाट सरायला सुमारे एक कोटी वर्षं. तुझ्या गुरुजींना सांग, खर्जाचा रियाज याला म्हणतात.

हे झोत दर वेळी ताऱ्यांच्या मुळावरच येतात असंही नाही हं. एनजीसी ५४१ या दीर्घिकेतून निघालेला झोत शेजारच्या वायूवर आदळला आणि तिथे उलट नवे तारे पेटले. मला हे प्रकरण फार आवडतं, कारण त्यामुळे सोपे सिद्धांत बिघडतात.

आता आपल्या जुन्नरकडची गोष्ट. भुजंगधारी समूहातल्या, ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या गोतावळ्यात ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या चित्रात वायूची एक वक्र कड दिसली होती. २०१६ मध्ये नॉर्बर्ट वर्नर यांच्या चमूने विचार केला, ही झोताने कोरलेली पोकळी तर नसेल? पण तेवढी ऊर्जा कुठून येणार, म्हणून सोडून दिलं. पुढे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीची रेडिओ निरीक्षणं त्यावर ठेवली, तर पोकळी रेडिओ लहरींनी काठोकाठ भरलेली! २०२० मध्ये हे जाहीर झालं. एका रांगेत पंधरा आकाशगंगा मावतील एवढं ते भगदाड. खोडदच्या त्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या जवळून बघ एकदा. पत्रा नाहीच, बारीक तारांची जाळी, आरपार आभाळ दिसतं. असल्या जाळीत हे सापडलं.

आणि त्या गोतावळ्यातलं विवर आज थंड आहे. गोतावळ्यातला वायू हिंदकळला आणि सगळ्यात निवलेला भाग दीर्घिकेपासून बाजूला सरकला, त्यामुळे त्याचा शिधा तुटला असावा. तो वायू परत मध्यभागी आला, की झोत पुन्हा सुटायला हरकत नाही.

विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, तेव्हा ये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अन्या