वापरलेले द्रावक पुन्हा वापरायला शिकविणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

औद्योगिक वसाहतीतील सॉल्व्हंट रिकव्हरीच्या, म्हणजे वापरलेले द्रावक (पदार्थ विरघळवणारे द्रव) परत मिळवण्याच्या, कामातून निवृत्त झाल्यावर आपण आमच्या रसायनशास्त्र विभागात स्वतःहून आलात आणि वापरलेले द्रावक शुद्ध करून पुन्हा वापरण्याची घडी बसवून दिलीत, त्याबद्दल विभागातील सर्व संशोधक विद्यार्थ्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आपण मानधन घेतले नाही आणि सत्कारालाही नकार दिलात. निदान आपण आम्हांला नेमके काय शिकविलेत हे इतर प्रयोगशाळांपर्यंत पोहोचावे, एवढीच या जाहीर पत्रामागची इच्छा आहे.

ऊर्ध्वपातनाचे (द्रव उकळवून त्याची वाफ थंड करून पुन्हा गोळा करण्याचे) उपकरण मांडण्याआधी आपण टाकाऊ द्रावकांच्या कॅनकडे वळलात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सगळे द्रावक एकाच कॅनमध्ये ओतले की पुढे ऊर्ध्वपातनासाठी कितीही उंच कॉलम (वाफा सुट्या करणारी उभी नळी) लावला तरी ते नीट सुटे होत नाहीत. म्हणून द्रावक परत मिळवण्याचे काम ओतणाऱ्याच्या हातातच सुरू होते, हे आपण आमच्या मनावर बिंबवलेत. काचसामान धुण्याच्या जागी केवळ अ‍ॅसिटोनचा कॅन आला, क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याच्या) टेबलाजवळ हेक्झेन आणि एथिल अ‍ॅसिटेटचा आला, आणि डायक्लोरोमिथेन व क्लोरोफॉर्म यांची जागा पूर्णपणे वेगळी झाली. ही शेवटची विभागणी केवळ सोयीसाठी नव्हती. अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र असताना त्यांत अल्कली गेले तर अभिक्रिया अतिशय उग्र होऊ शकते, हे कारण आपण प्रत्येकाला समजावून सांगितलेत आणि मगच लेबले चिकटवू दिलीत.

आपल्या शिकवण्यातला सर्वांत मोलाचा भाग हेक्झेन आणि एथिल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणाचा होता. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांत क्रोमॅटोग्राफीच्या सिलिका जेल भरलेल्या कॉलमसाठी हेच मिश्रण सर्वाधिक लागते, आणि रोटाव्हेपच्या (कमी दाबाखाली द्रावक उडवून गोळा करणाऱ्या उपकरणाच्या) फ्लास्कमध्ये तेच सर्वाधिक जमा होते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला आणि एथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळते, म्हणजे ते वेगळे करता येतील असे पुस्तक वाचून कोणालाही वाटेल. परंतु या दोघांचा अ‍ॅझिओट्रोप होतो, म्हणजे ठरावीक प्रमाणात ते एकाच तापमानाला मिळून उकळतात, आणि ते मिश्रण सुमारे ६५ अंशांनाच एकत्र वर येते. त्यांना वेगळे करण्याचा हट्टच धरायचा नाही, मिश्रण स्वच्छ करून घ्यायचे, त्यातले प्रमाण मोजायचे आणि जे कमी असेल ते वरून घालायचे, हा आपला मार्ग इतका सरळ होता की आम्ही थक्क झालो. प्रमाण मोजण्यासाठी आमच्यापैकी काहींनी रिफ्रॅक्टोमीटर (द्रवात प्रकाश किती वाकतो, म्हणजे अपवर्तनांक, मोजणारे यंत्र) पुढे केला, तेव्हा आपण दोन्ही द्रावकांचे अपवर्तनांक कागदावर लिहून दाखवलेत: १.३७५ आणि १.३७२. एवढ्या थोड्या फरकावर भरवसा ठेवता येत नाही. घनता मात्र हेक्झेनची सुमारे ०.६६ आणि एथिल अ‍ॅसिटेटची ०.९० असते. निर्जल सोडियम सल्फेटवर पाणी काढून घेतलेले मिश्रण आपण घनता-बाटलीत काठोकाठ भरलेत, बाटली बाहेरून कोरडी पुसलीत, तराजूवरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबलात आणि घनता ०.७८च्या जवळ येताच दोन्ही द्रावक जवळजवळ निम्मे-निम्मे आहेत असे सांगितलेत. महागड्या यंत्राची वाट पाहत बसणाऱ्या विभागांनी हे जरूर करून पाहावे.

अ‍ॅसिटोनचे काम त्यामानाने सोपे आहे. पाण्याशी त्याचा अ‍ॅझिओट्रोप होत नाही, त्यामुळे चांगला कॉलम लावून ५६ अंशांच्या आसपासचा भाग गोळा केला की काचसामान धुण्यासाठी तो उत्तम चालतो. सुरुवातीचा थोडा भाग बाजूला काढायचा आणि फ्लास्क कधीही कोरडा पडू द्यायचा नाही, हे दोन नियम आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहेत.

तथापि, आपण जे करू दिले नाहीत त्याबद्दलचे आभार मला अधिक जोर देऊन मानायचे आहेत. डायएथिल ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान यांत हवेच्या संपर्काने पेरॉक्साइड तयार होतात, आणि ऊर्ध्वपातनात मागे साचत गेलेले पेरॉक्साइड स्फोटाला कारण ठरू शकतात. आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडच्या चाचणीत पिवळा रंग दिसला की तो कॅन ऊर्ध्वपातनाला घ्यायचाच नाही, असा दंडक आपण घालून दिलात. ऊर्ध्वपातनानंतर पेरॉक्साइड होऊ नयेत म्हणून कंपनीने घातलेला स्थिरकही मागे राहतो, म्हणून शुद्ध झालेले टेट्राहायड्रोफ्युरान उलट अधिक लवकर बिघडते, ही गोष्ट आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होती. काटकसरीच्या उत्साहात कोणी सुरक्षिततेला मुरड घालू नये यासाठी आपण जी कळकळ दाखवलीत, तिचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या केंद्रीय नियमांतही विल्हेवाटीआधी पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण यांना प्राधान्य दिले आहे, आणि ऊर्ध्वपातनात तळाशी उरणारा गाळ हाही घातक कचराच मानला आहे. आपल्या सांगण्याप्रमाणे तो गाळ आम्ही वेगळ्या बंद डब्यात, तारीख आणि घटक लिहून ठेवतो आणि अधिकृत विल्हेवाटीसाठीच देतो.

आता टोल्युइन पुन्हा वापरात आणण्याचा विचार चालू आहे. पाण्यासह ते ८५ अंशांच्या आसपास वर येते आणि थंड झाल्यावर थर वेगळे होतात, त्यामुळे काम जमेल असे वाटते. परंतु आपण मांडणी एकदा पाहिल्याशिवाय मॅन्टल (फ्लास्क तापवणारे विजेचे उपकरण) सुरू करायचा नाही असे सर्वांनी ठरवले आहे. आपल्या सवडीप्रमाणे अवश्य यावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी,
रसायनशास्त्र विभाग