पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही इकडे याच!

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारच्या फोनवर नातीने तुम्हाला बोटीवरच्या गमती सांगितल्या, पण तिचं भराभर बोलणं आणि मध्येच अडकणारा व्हिडिओ यांत निम्मंच तुमच्यापर्यंत पोचलं असणार. शिवाय फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "तुम्ही फिरा रे. आता आमचं काय, आम्ही इथून ऐकतो." ते वाक्य मनातून जात नाहीये. म्हणून नीट लिहायला बसलोय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. आणि आई, हातातलं काम बाजूला ठेवून ऐक.

बाबा, आधी ॲटलास काढा. कॅनडाच्या पश्चिमेला व्हँकुव्हर बेट दिसेल, साधारण साडेचारशे किलोमीटर लांब. आम्ही राहतो ते व्हँकुव्हर शहर त्या बेटावर नाही, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. फेरीत गाडी चढवून बेटावरच्या ननायमोला उतरायचं, तिथून उत्तरेला चार-पाच तास गेलं की पोर्ट मॅकनील नावाचं छोटं बंदर लागतं. आमची बोट तिथून निघाली. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला जो चिंचोळा पट्टा आहे, त्याचं नाव जॉनस्टन स्ट्रेट. भरती-ओहोटीला त्यातून पाणी इतक्या जोराने ये-जा करतं की तळाचं थंड, सकस पाणी सारखं वर घुसळून येतं. त्या पाण्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर हेरिंग नावाचे छोटे मासे पोसले जातात आणि हेरिंगवर बाकीचे सगळे. उन्हाळ्यात समुद्रातले सामन मासे अंडी घालायला आपापल्या नद्यांकडे परततात. त्यांतले पुष्कळ याच वाटेने जातात, आणि त्यांच्या मागोमाग ऑर्का येतात. काळेपांढरे, पाठीवर उंच पर असलेले. त्यांना किलर व्हेल म्हणतात.

बोट लहान होती. झोपायला अरुंद बाक, एक छोटं स्वयंपाकघर आणि वर उघडा डेक. दिवसभर हिंडायचं आणि रात्री एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा. कप्तान बाई याच पाण्यात मुरलेली. ऑगस्टमध्ये इथे सकाळी दाट धुकं असतं, समोरचं बेटसुद्धा दिसत नाही. एका सकाळी तिने इंजिन बंद केलं आणि आम्हाला बोलू नका म्हणून खूण केली. काही दिसत नव्हतं, पण श्वास ऐकू येत होते. एक मोठा, फुस्सकन सुटलेला, मग जरा हलका दुसरा, मग अगदी छोटा. नातीने माझा हात घट्ट धरला होता. धुकं विरलं तेव्हा दूरवर पाच पर दिसले. एक उंच, सरळ, जवळजवळ माणसाएवढा. तो वयात आलेला नर. बाकीच्या माद्या आणि एक पिल्लू. ऑर्कांपासून इथे किमान 200 मीटर लांब राहावं लागतं. कप्तान त्याहूनही लांब थांबली, आणि मला ते फार आवडलं.

मग तिने हायड्रोफोन पाण्यात सोडला, म्हणजे पाण्याखालचा माईक. छोट्या स्पीकरवर त्यांचे आवाज ऐकू आले: लांब ताणलेल्या शिट्ट्या, करकर, मधूनच म्याव केल्यासारखं काहीतरी. हे आवाज ऐकून जाणकार माणसं डोळे मिटून सांगतात की कुठलं कुटुंब आहे, कारण प्रत्येक कुटुंबाची बोली वेगळी. पिल्लू ती आईकडून शिकतं आणि आयुष्यभर तीच बोलतं. या भागातल्या ऑर्कांचे बोलीवरून तीन मोठे गट आहेत आणि त्यांचे जोडीदार बहुधा दुसऱ्या बोलीच्या गटातले असतात. आई, हे ऐकल्यावर मला तुझं सगोत्र लग्नाबद्दलचं बोलणंच आठवलं. त्यांचं गोत्र आवाजात असतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. हे सामन खाणारे ऑर्का आपली आई सोडून जात नाहीत. मुली नाहीत आणि मुलगेही नाहीत. नर जोडीदारापुरता दुसऱ्या कुटुंबाकडे जातो आणि परत आईच्या बाजूला येतो. पिल्लं मामांच्या सोबत वाढतात. मादीला साधारण चाळिशीनंतर पिल्लं होत नाहीत, पण त्यानंतरही ती कित्येक वर्षं जगते, ऐंशीपर्यंत जगलेल्या माद्याही असाव्यात असं मानतात. प्राण्यांमध्ये हे फार दुर्मीळ आहे. निसर्गाने तिला इतकं का जगवलं, हा प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं पडला होता. मग 2015 मध्ये इथून दक्षिणेकडे राहणाऱ्या ऑर्कांच्या चित्रफिती तपासून केलेला अभ्यास आला. कुटुंब सामनच्या शोधात निघतं तेव्हा पुढे कोण असतं, हे त्यात पाहिलं होतं. पुढे बहुधा म्हाताऱ्या माद्या असतात. आणि ज्या वर्षी मासे कमी येतात, त्या वर्षी त्या आणखी जास्त वेळा पुढे असतात. कुठल्या वर्षी, कुठल्या भरतीला, कुठल्या खडकापाशी मासा मिळतो ते त्यांना ठाऊक असतं.

त्याआधी 2012 मध्ये आणखी एक अभ्यास झाला होता. तिशी ओलांडलेल्या नराची आई गेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याचा धोका सुमारे 14 पट वाढतो. मुलींच्या बाबतीत ही वाढ पुष्कळच कमी. चांगला सात-आठ मीटर लांबीचा, समुद्रात ज्याला कुणी शत्रू नाही असा नर, आणि त्याला म्हातारी आई लागते. ती अजूनही त्याला आपल्या तोंडातला मासा तोडून देते.

कप्तान हे सांगत होती तेव्हा मी डेकवर उभा होतो आणि मला पुढचं नीट ऐकू येईना. आई, तू म्हणतेस "आता आमचं काय". गेल्या हिवाळ्यात माझी नोकरी जायची वेळ आली होती तेव्हा मी रात्री दोनला फोन करून तुझ्याशी बोललो. तू काही उपाय सांगितला नाहीस. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा घर कसं चालवलंस, एवढंच सांगितलंस: कुणाकडून उधार घेतलं, कुणाकडून मुद्दाम घेतलं नाही, कोकम आणि फणसपोळी विकून किती मिळाले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो तो त्याच्या बळावर. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता लेखी सांगतो.

नातीसाठी कप्तानने स्प्रिंगरची गोष्ट सांगितली. ती तुम्हीही ऐका, कारण तुमची नात रोज रात्री झोपताना तीच मागते. 2002 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिॲटलजवळ एक लहानसं ऑर्का पिल्लू एकटंच सापडलं, आजारी आणि खंगलेलं. वय दोनच्या आसपास. आई मेलेली असणार. तिची बोली ऐकून तज्ज्ञांनी ओळखलं की ही इथली नाही, उत्तरेकडच्या कुटुंबातली, याच जॉनस्टन स्ट्रेटकडची. माणसांनी तिला पकडून उपचार केले आणि जुलैमध्ये बोटीने इथे, हॅन्सन बेटाजवळ आणून जाळीच्या कुंपणात ठेवलं. इथल्या नमगीस या मूळ रहिवाशांनी तिला खायला जिवंत सामन पकडून दिले. दुसऱ्याच दिवशी तिचे नातेवाईक त्या बाजूने गेले. तिने त्यांना ओरडून साद घातली, जाळी उघडली आणि ती त्यांच्या मागे गेली. 2013 मध्ये ती स्वतःचं पिल्लू घेऊन दिसली आणि 2017 मध्ये दुसरं. जंगली ऑर्काला पकडून, बरं करून पुन्हा कुटुंबात सोडलं आणि ती नीट नांदली, असं त्याआधी घडलं नव्हतं.

बाबा, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. याच ऑर्कांबद्दल माणसं पूर्वी काय करत होती, ते ऐकून वाईट वाटतं. कोळी त्यांना बंदुकीने मारत. 1960 च्या सुमारास कॅनडाच्या मत्स्यखात्याने व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांना मारायला मशीनगन बसवली होती. ती प्रत्यक्षात चालवली गेली नाही, पण बसवली होती. मग मत्स्यालयांसाठी पिल्लं पकडणं सुरू झालं. समुद्रात असे हजारो ऑर्का आहेत, असंच सगळे धरून चालले होते. मायकेल बिग नावाच्या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये मोजदाद केली, तर निघाले फार तर साडेतीनशे. परावरचे ओरखडे आणि पाठीवरचा करडा डाग यांवरून एकेक जनावर ओळखता येतं, हेही त्यानेच दाखवून दिलं. अशा कामाला वर्षानुवर्षं धीर लागतो. तुमच्या भाताच्या वाणांच्या वह्या आठवल्या.

रॉबसन बाइट नावाच्या जागेच्या बाहेरून आम्ही गेलो. तिथे गुळगुळीत गोट्यांचा किनारा आहे आणि ऑर्का उथळ पाण्यात येऊन त्या गोट्यांवर पोट घासतात. 1982 पासून ती जागा राखीव आहे. बोटींना आत जायला मज्जाव आहे, आम्हीही गेलो नाही. एक गोष्ट मात्र खटकली. अलास्काला जाणारी मोठमोठी क्रूझ जहाजं याच चिंचोळ्या वाटेने जातात. त्यांतलं एक जवळ आलं तेव्हा हायड्रोफोनवर घरघर सोडून काही ऐकू येईना. ज्यांचं सगळं जगणं आवाजावर आहे, त्यांच्या घरात हा गोंगाट. असल्या जहाजातून देवमासे बघायला जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

हंपबॅक देवमासे तर रोज दिसले. बारा-पंधरा मीटर लांब, डुबकी मारताना शेपटी पाण्याबाहेर. हिवाळ्यात हवाई किंवा मेक्सिकोच्या ऊबदार पाण्यात पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात इथे खायला येतात. तिकडे असतात तेव्हा जवळजवळ उपाशीच. इथला एक हंपबॅक पाण्यात उभा राहिला आणि त्याने जबडा उघडून तसाच ठेवला, हलेचना. वर डुबक्या मारणारे पक्षी हेरिंगच्या मागे लागले होते. घाबरलेले मासे आसरा समजून त्या जबड्यात शिरले, आणि त्याने जबडा मिटला. ही युक्ती इथे पहिल्यांदा 2011 मध्ये दोन देवमाशांनी केलेली दिसली. नंतर एकमेकांचं बघून बाकीचे शिकले. आणि व्हँकुव्हर बेटावरच कोल हार्बरला देवमासे कापायचा कारखाना होता, तो 1967 पर्यंत चालू होता. त्यानंतर या पाण्यात हंपबॅक दिसायलाच कित्येक वर्षं लागली. आता परत आले आहेत.

2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा तुम्ही स्कूटर काढून गेला होतात. लोक त्याच्यावर ओल्या चादरी टाकत होते, पाणी ओतत होते, वनखात्याची माणसं रात्रभर झटत होती, टगबोटीने ओढून समुद्रात नेलं, तरी ते जगलं नाही. त्या रात्री फोनवर तुम्ही फारसं बोलला नाहीत. आपल्याकडे देवमासा बातमीत येतो तो असा मेलेला, नाहीतर त्याच्या उलटीच्या तस्करीमुळे. पण बाबा, आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत. ते दुसरीकडे जात नाहीत, बारा महिने तिथेच राहतात. ओमानजवळ शंभराहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. 2017 च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रहाचं यंत्र लावलेली लुबान नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि आपल्या किनाऱ्याने दक्षिणेला गेली. म्हणजे तुम्ही भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी बसता, त्या पाण्याच्या पलीकडे कुठेतरी ते असतात. तुम्हाला जिवंत देवमासा दाखवायचा आहे मला.

अस्वलांचं थोडक्यात. मुख्य भूमीकडच्या एका खाडीत ओहोटीला ग्रिझली मादी दोन पिल्लांसह मोठमोठे दगड उलटून खालचे खेकडे खात होती. पिल्लंही इवले दगड उलटत होती. नातीने ते पन्नास वेळा करून दाखवलंय, तुम्ही आलात की पुन्हा बघाल.

तर येण्याचं. व्हिसा आहेच. ऑगस्टमध्ये इथे थंडी नसते, मात्र बोटीवर स्वेटर आणि कानटोपी लागते. बाबांच्या गुडघ्याचं मी बोटवाल्यांशी बोललोय. खाली झोपायच्या जागी जायला पाच पायऱ्यांची उभी शिडी आहे, दोन्ही बाजूंना कठडा. छोट्या होडीत उतरायचं नसेल तर डेकवरूनही सगळं दिसतं. आतल्या सामुद्रधुनीत लाटा फारशा नसतात, तरी आईला बस लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळ्या आधीच घ्या आणि बीपीच्या औषधांबरोबर चालतील ना तेही विचारा. सोमवार-गुरुवारचं शाकाहारी जेवण ते करतील. बाकीचे दिवस ताजा सामन आहे. कोकमाच्या आगळाची बाटली मात्र घेऊन या, इथे तशी मिळत नाही. प्रवासाचा विमा मी काढतो. मुंबईपर्यंत दादा सोडायला येईल, त्याच्याशी बोललोय.

बोट लहान असल्याने जागा लवकर भरतात, जानेवारीत पैसे भरावे लागतात. तेव्हा फोनवर "बघू" म्हणू नका. दोघांनी बसून ठरवा आणि पुढच्या रविवारी तारीख सांगा.

कळावे.
तुमचा मुलगा