शिकाऊ उमेदवारांना मोजमाप आणि सेटिंग शिकू द्या

महोदय,

आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून भोसरी, चाकण, रांजणगाव येथील कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झालेली कितीतरी मुले-मुली उमेदवारीचा सगळा काळ एकाच सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनपाशी उभी राहून जॉब (म्हणजे घडवायचा सुटा भाग) लावणे, बटण दाबणे आणि जॉब काढणे एवढेच करताना मी पाहिली आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात आणि प्रत्येकाच्या प्रशिक्षणातील प्रगतीची नोंदही ठेवावी लागते. यांपैकी संख्येची अट बहुधा पाळली जाते. प्रगतीच्या नोंदीत मात्र वर्षभर तेच शब्द उतरवलेले आढळतात.

अचूक यंत्रकामात मोजमाप न शिकलेला माणूस मशीन कितीही चांगले असले तरी अडतो. ५० मिमी व्यासाच्या शाफ्टला (गोल दांड्याला) ड्रॉइंगमध्ये एच ६ ही मापातील फरकाची प्रमाणित मर्यादा असेल, तर माप ५० मिमीपेक्षा जास्तीत जास्त १६ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असलेले चालते. मशीनवरून नुकताच उतरलेला पोलादी शाफ्ट मायक्रोमीटर या मोजण्याच्या उपकरणापेक्षा १५ अंश सेल्सिअसने गरम असला, तर प्रसरणामुळे तो साधारण साडेआठ मायक्रॉन मोठा भरतो, म्हणजे निम्मी मुभा त्या उष्णतेतच जाते. हे ठाऊक नसलेला उमेदवार त्या मापावर विसंबून ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) बदलतो आणि पुढचे जॉब गार झाल्यावर लहान पडतात. मोजमापासाठी २० अंश हे प्रमाण तापमान का ठरवले आहे, हे त्याला वर्गात सांगितलेले असते. पण एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये हातात गरम जॉब घेऊन सेटरने (मशीन कामासाठी जुळवून देणाऱ्या, म्हणजेच सेटिंग करणाऱ्या कुशल कारागिराने) शेजारी उभे राहून दाखवले, तरच ते त्याच्या अंगवळणी पडते.

सेटरवर उत्पादनाचा ताण असतो, आणि शिकवण्यात गेलेला त्याचा वेळ कोणत्याही हिशेबात धरला जात नाही, ही लहान कारखानदारांची अडचण खरी आहे. तरीही सरकार विद्यावेतनाचा काही वाटा उचलत असताना उमेदवाराला केवळ स्वस्त मनुष्यबळ म्हणून वापरणे मला अन्यायाचे वाटते. सुरुवातीचे काही महिने त्याला तपासणी विभागात बसवावे, नंतर सेटरच्या हाताखाली टूल बदलणे, शून्य साधणे (मापे जिथून मोजायची तो बिंदू मशीनवर ठरवणे) आणि पहिला जॉब काढून मोजणे ही कामे स्वतः करू द्यावीत, आणि सेटरचा त्यासाठीचा वेळ त्याच्या उत्पादनाच्या लक्ष्यातून वजा करावा.

शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयाने तपासणीच्या वेळी हजेरीपटाबरोबर प्रगतीच्या नोंदीही उघडून पाहाव्यात आणि ज्या उमेदवाराला एकही सेटिंग स्वतः करायला मिळालेले नाही, त्याच्या आस्थापनेकडून लेखी खुलासा मागवावा, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक, चिंचवड, पुणे