नाडी, बंदूक आणि राज्यकारभार

संपादक महोदय,
अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना आपल्याकडे वॉशिंग्टनच्या पुढे गाडी जात नाही. जॉन ब्रुक्स यांचे नाव किती वाचकांना ठाऊक असेल? मॅसॅच्युसेट्समधील रीडिंग गावचे हे तरुण डॉक्टर १९ एप्रिल १७७५ रोजी गावच्या स्वयंसैनिकांना घेऊन काँकॉर्डहून परतणाऱ्या ब्रिटिश फौजेवर तुटून पडले. वय अवघे २२! १७७७ मध्ये साराटोगालाही ते लढले. युद्ध संपल्यावर मात्र मेडफर्डला येऊन पुन्हा रोगी तपासू लागले. मला हेच अधिक थोर वाटते. १८१६ ते १८२३ या काळात ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. पद सोडल्यावर राज्याच्या वैद्यक संस्थेचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे अशा वेळी महामंडळ शोधतात! अशा माणसांवर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा.

– एक वाचक, सातारा