पत्त्याच्या बाजूचे ठळक अक्षर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही येऊ नये, अशी तुमची इच्छा आहे आणि ती मी पाळते आहे. परंतु ज्या कामाने आमच्या रसिकांची यादी पुन्हा उभी राहिली, त्या कामाबद्दल गप्प राहणे मला जमण्यासारखे नाही. म्हणून तुमच्या नावाशिवाय, पण उघडपणे, हे पत्र लिहीत आहे.

बालगंधर्वांच्या रसिकांची नोंदवही आमच्या नारायण पेठेतल्या घरात आधी कागदावर होती. दर वर्षी २६ जूनला, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंसांच्या जन्मदिवशी, आम्ही काही मंडळी जमत असू, जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐकत असू आणि नव्याने आलेला माणूस वहीत आपले नाव, गाव आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा कुठे ऐकला, एवढे लिहून जात असे. पुढे संकेतस्थळ झाले, तेव्हा ही वही तिथे जावी आणि इंदूरच्या माणसाला बेळगावचा माणूस सापडावा, एवढीच आमची अपेक्षा होती. ती अपेक्षा फार मोठी होती, असे मला आजही वाटत नाही. तरीही ती पुरी व्हायला तीन वर्षे लागली, आणि त्या तीन वर्षांत आम्ही जे सोसले ते सांगितल्याशिवाय तुमच्या कामाचे मोल वाचणाऱ्याला कळणार नाही.

पहिल्यांदा आम्ही एका कंपनीला पैसे दिले. त्यांनी व्यायामशाळा आणि क्लब यांच्यासाठी बनवलेले एक तयार प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, आणून बसवले. त्यात प्रत्येक सदस्य हा संकेतस्थळाचा वापरकर्ता होता, त्याला पासवर्ड हवा होता, आणि त्याच्या सदस्यत्वाला मुदत होती. आमच्याकडे वर्गणी नाही, त्यामुळे मुदतीचा रकाना कुणी पाहिलाच नाही. बरोबर एका वर्षाने आमच्या सगळ्या सदस्यांना ‘आपले सदस्यत्व संपुष्टात आले आहे’ असा ई-मेल गेला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून बालगंधर्वांचे नाटक पाहिलेल्या ८६ वर्षांच्या एका गृहस्थांनी मला फोन करून, ‘माझ्याकडून काही चुकले का?’ असे विचारले. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नव्हते. कंपनीचे उत्तर मात्र तयार होते: मुदत वाढवायची तर निराळे पैसे पडतील.

दुसऱ्यांदा एका खासगी काम घेणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी यादी झटपट केली आणि नावांबरोबर सगळ्यांचे दूरध्वनी क्रमांकही जगासमोर मांडून ठेवले. आमच्यातल्या दोन वृद्ध भगिनींना बँकेच्या नावाने खोटे फोन येऊ लागले. मी तक्रार केली, तेव्हा त्यांनी रागाने प्लगइनच काढून टाकले आणि त्याबरोबर डेटाबेसमधला सदस्यांचा तक्ताही पुसला गेला. कागदाची वही कपाटात होती म्हणून आम्ही वाचलो. नाही तर वीस वर्षांची नावे एका दुपारी गेली असती.

अशा अवस्थेत आम्ही तुमच्यापर्यंत आलो. हिंजवडीची नोकरी, घरी लहान मूल, त्यात शनिवारची सुट्टी, आणि ती तुम्ही आमच्या वहीसाठी दिलीत. पहिल्या भेटीत तुम्ही संगणक उघडलाच नाही. वही मागितलीत आणि पहिल्या पानापासून वाचत बसलात. दीड तास तुम्ही काही बोलला नाहीत. मग एवढेच म्हणालात, की ‘हे सदस्यत्व संपणारे नाही, मग त्याला शेवटची तारीख कशाला?’ आधीच्या दोन्ही मंडळींना जे कळले नव्हते, ते तुम्हाला वही वाचून कळले होते.

त्याच दिवशी तुम्ही सांगितलेत, की आम्ही करू पाहतो आहोत ते जगात नवे नाही. एखाद्या कलावंताच्या किंवा आवडत्या विषयाच्या चाहत्यांनी आपली नावे देशवार एका यादीत नोंदवायची आणि त्या यादीचे ८८ बाय ३१ पिक्सेलचे इवलेसे बटण आपल्या संकेतस्थळावर लावायचे, ही प्रथा इंग्रजी इंटरनेटवर २००० च्या सुमारास जोरात होती. २००३ मध्ये वर्डप्रेस ही संकेतस्थळे बनवण्याची प्रणाली आली, २००४ मध्ये त्यात प्लगइन जोडण्याची सोय झाली, आणि अशा याद्या सांभाळण्याचे काम त्यातूनही होऊ लागले. त्या याद्यांना वर्गणी नव्हती आणि मुदतही नव्हती. आवड असणे हीच पात्रता होती. हे ऐकून मला फार बरे वाटले, कारण तोवर आमची मागणीच विचित्र आहे, असे आम्हाला पटवून दिले गेले होते. देशाऐवजी गाव हा आधार धरावा ही सूचना तुमची, आणि आज यादी उघडली की पुणे, सांगली, धारवाड, बडोदा, मडगाव अशी गावे दिसतात, तेव्हा वहीचेच पान उघडल्यासारखे वाटते.

आमच्या यादीचे प्लगइन तुम्ही कसे केलेत ते मी इथे सांगत बसत नाही. त्यातले सगळे मला समजलेले नाही आणि जे समजले ते तुमच्याच शब्दांत समजले. सदस्यांना तुम्ही वापरकर्ते केले नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा ठेवलात, त्यामुळे कुणालाही पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. प्लगइन काढले तरी तक्ता जात नाही. वैयक्तिक माहिती काढून टाकण्यासाठी वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून जी सोय आहे, तिच्याशीही ते जोडलेले आहे, म्हणजे कुणाला यादीतून बाहेर पडायचे असेल तर त्याची माहिती खरोखर पुसली जाते आणि इतरांचे यादीतले क्रमांक मात्र बदलत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मला थांबलेच पाहिजे, आणि ती म्हणजे ‘ळ’. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. त्यामुळे आधीच्या याद्यांत ‘काळे’ हे ‘कावरे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येत असत, आणि शब्दकोश पाहण्याची सवय असलेल्या आमच्या ज्येष्ठ सदस्यांना आपलेच नाव सापडत नसे. मी हे आधी दोनदा सांगितले होते. ‘संगणक असाच लावतो’ हे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. तुम्ही ते बदललेत. पुढे ‘कऱ्हाडे’ हे आडनाव यादीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी का दिसते, तेही तुम्हीच शोधलेत: कुणी ते ‘ऱ’ या अक्षराने टंकते, तर कुणी ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून, आणि डोळ्यांना एकच दिसणारे नाव यंत्राला दोन वाटते. आता दोन्ही एकच मानली जातात. आपल्या भाषेचा क्रम यंत्राने पाळावा, यासाठी तुम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवलीत, आणि त्या वेळेबद्दल एक अक्षरही बोलला नाहीत.

तरीही, ताई, ज्यासाठी हे पत्र मी मुख्यतः लिहिते आहे, ती गोष्ट संगणकाच्या बाहेरची आहे.

नाव प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येकाची संमती घ्यायची, हे तुम्ही पहिल्यापासून ठरवले होते. आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यानेही संमती मोकळी आणि माहितीपूर्ण असावी असे म्हटले आहे, पण तुम्ही कायद्याच्या धाकाने ते करत नव्हता. खोटे फोन आलेल्या त्या दोघी भगिनींची हकीकत ऐकून तुमचा चेहरा कसा उतरला होता ते मी पाहिले आहे. २१४ सदस्यांपैकी बहुतेकांना ई-मेलने दुवा पाठवता आला. ३७ जणांकडे ई-मेलच नव्हता. आधीच्या दोन्ही फॉर्मांत ई-मेलच्या रकान्यावर तारा होता, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे, आणि म्हणून या ३७ जणांना आपल्या मुलांचे किंवा शेजाऱ्यांचे पत्ते उसने घ्यावे लागले होते. काहींनी ते करण्याऐवजी नाव देणेच सोडून दिले होते.

पुढच्या शनिवारी तुम्ही आलात, तेव्हा तुमच्या पिशवीत पन्नास पोस्टकार्डे होती. लक्ष्मी रस्त्याच्या सिटी पोस्टातून, पन्नास पैशांना एक, अशी तुम्ही स्वतः जाऊन आणली होती. मजकुराच्या बाजूला दोन चौकटी होत्या, ‘नाव दिसावे’ आणि ‘नाव दिसू नये’, आणि खाली सहीची जागा. पत्त्याच्या बाजूला आमचा पत्ता होता, आणि तो पन्नासही कार्डांवर तुम्ही हाताने लिहिला होता, काळ्या शाईने, ठळक, सुट्या अक्षरांत. ही कार्डे पाकिटात घालून पाठवायची. सदस्याने फक्त खूण करायची, सही करायची आणि कार्ड पेटीत टाकायचे. छापील चिठ्ठ्या का चिकटवल्या नाहीत, असे मी विचारले. तुम्ही म्हणालात, ‘हाताने लिहिलेले कार्ड बाजूला टाकवत नाही, काकू.’

त्या वेळी मी आत जाऊन चहा टाकला, कारण डोळ्यांतले पाणी तुम्हाला दिसू द्यायचे नव्हते. तीन वर्षे आम्हाला सतत हेच ऐकावे लागले होते, की ही म्हातारी माणसे यंत्राला जुळवून घेत नाहीत, ही आमची अडचण आहे. तुम्ही यंत्रात एक रकाना वाढवलात, ‘संमती: पत्राने’, त्यापुढे कार्ड मिळाल्याची तारीख आणि कार्डाचे छायाचित्र ठेवण्याची जागा केलीत, आणि अडचण संपली. ज्याच्याकडे ई-मेल नाही तोही या यादीत इतरांइतकाच पूर्ण सदस्य आहे, हे तुम्ही कुणालाही न सांगता, कुठेही न मिरवता, एका रकान्यात आणि पन्नास पोस्टकार्डांत लिहून टाकलेत.

चांगले काम करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पुण्यात त्यांचा तोटा नाही. पण हुशारी आणि सौजन्य ही एकाच माणसात नेहमी भेटतात असे नाही, आणि भेटली तरी समोरच्याच्या वयाची, त्याच्या थरथरत्या हाताची, त्याच्या संकोचाची आधीच जाणीव ठेवून काम करणारे फारच थोडे. ज्यांनी आमचे पैसे घेतले त्यांना काम येत नव्हते असे मी म्हणत नाही. त्यांना ते कदाचित उत्तम येत असेल. आमची वही मात्र त्यांनी एकदाही मागितली नाही.

३७ पैकी ३१ कार्डे परत आली आहेत. दोघांनी ‘नाव दिसू नये’वर खूण केली आहे आणि त्यांची नावे दिसत नाहीत. इतरांपैकी अनेकांनी सहीच्या खाली, कडेच्या कोऱ्या जागेत काही ना काही लिहिले आहे: कुणी नाट्यपद कुठे ऐकले ते, कुणी वडिलांची आठवण. सदस्यत्व संपले म्हणून ज्यांनी मला फोन केला होता, त्या गृहस्थांचे कार्ड सगळ्यांत आधी आले. त्यांनी दिसावे अशी खूण दोनदा केली आहे.

पन्नासांतली तेरा कार्डे माझ्याकडे शिल्लक आहेत. नव्याने येणाऱ्या, ई-मेल नसलेल्या रसिकांसाठी ती मी वहीतच ठेवली आहेत, आणि तुमच्या अक्षरातला पत्ता संपला की मी तसाच, ठळक आणि सुटा, पुढे लिहीत जाईन. येत्या २६ जूनला तुम्ही सहकुटुंब घरी या. तबकड्या आम्ही संध्याकाळी सहाला लावतो.

आपली कृतज्ञ,
नोंदवही सांभाळणारी तुमची काकू
नारायण पेठ, पुणे