त्या दोन रात्रींबद्दल, खरं खरं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आई-बाबांना हॉटेलातून घरी आणलं त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. "कसं झालं रे?" असं तू विचारलंस आणि मी "एकदम छान" म्हणून मोकळा झालो. ते खोटं होतं. त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तू इतक्या हौसेनं दिलेली त्या हॉटेलातल्या दोन रात्रींची भेट, खिशाला केवढी चाट लावून घेतलीस तेही मला ठाऊक, तिच्याबद्दल वाकडं बोलायला जीभच रेटेना. पण तीन आठवडे झाले, ते खोटं टोचतंय. तुझ्या भेटीत काही उणं नव्हतं, हे आधी मनात पक्कं कर आणि मगच पुढचं वाच.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उंच काठ ओलांडता येत नाही. हे ध्यानात ठेवून तू बुकिंगमध्ये स्पष्ट लिहिलं होतंस: टब नको, साधा शॉवर हवा, खोली लिफ्टजवळ असावी. 'नोंद घेतली आहे' असं त्यांचं उत्तरही तू मला पाठवलं होतंस. आम्ही सव्वातीनला पोचलो. खोली तीनला मिळणार होती, ती मिळाली पाच वाजून वीस मिनिटांनी. तोवर आम्ही लॉबीत. लॉबी सुंदर होती, त्यात वाद नाही. संगमरवर, माणसापेक्षा उंच फुलांची रचना, मंद सुवास. पण तिथले सोफे इतके खोल आणि बुटके की बाबा एकदा बसले आणि त्यांना उठता येईना. मी आणि आईनं दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. चार पावलांवर गणवेशातले तीन जण उभे होते. ते वाईट नव्हते रे, त्यांचं लक्षच नव्हतं. प्रत्येकाचे डोळे आपापल्या स्क्रीनवर.

खोली लिफ्टपासून सगळ्यात लांबची निघाली. आणि बाथरूममध्ये टब! काठ बाबांच्या गुडघ्याच्याही वर. मी तसाच खाली गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ती विनंती होती, हमी नव्हती." हे वाक्य त्यानं मला तीन वेळा ऐकवलं, दरवेळी तितक्याच नम्रपणे. दुसरी खोली नव्हती, आणि असली तरी बदलून द्यायचा अधिकार त्याला नव्हता. ज्यांना होता ते मीटिंगमध्ये होते.

नंतर मी कळेल तेवढं वाचून काढलं. बुकिंगच्या वेबसाइटवर आपण जी 'विशेष विनंती' लिहितो ती हॉटेलकडे नुसत्या शेऱ्यासारखी जाते. कुठल्या पाहुण्याला कुठली खोली हे सहसा येण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ठरतं. ठरवणाऱ्यानं तो शेरा उघडून वाचला तर ठीक, नाहीतर आपली ओळ तिथेच पडून राहते. म्हणून गरज खरी असेल तर दोन दिवस आधी थेट हॉटेलला फोन करायचा, आणि 'विनंती' न म्हणता 'एवढं नसेल तर आम्हाला राहता येणार नाही' असं सांगायचं. हे मला आधी कळायला हवं होतं. तू लिहिलं होतंस, त्यांचं उत्तर आलं होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो.

कार्डाचं प्रकरण वेगळंच. तू सगळे पैसे आधीच भरले होतेस, तरी काउंटरवर बाबांचं कार्ड मागितलं. बाबांना दोन मिनिटांत बँकेचा मेसेज आला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, तुझे पैसे पोचलेच नाहीत की काय. ती रक्कम कापलेली नव्हती, फक्त अडकवून ठेवलेली होती. वरच्या खर्चाची हमी म्हणून बहुतेक मोठी हॉटेलं असं करतात आणि निघाल्यावर ती मोकळी करतात, मग बँकेकडून सुटायला काही दिवस जातात. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. कुणी सांगितलं नाही. बाबा त्या रात्री तुझ्या काळजीनं नीट झोपले नाहीत, असं आई म्हणाली.

मी रात्री नऊला घरी परतलो. त्यानंतरचं आईकडून कळलं. खोलीतल्या फोनवर पाच चित्रांची पाच बटणं, पण कुठलंही दाबा, तोच आवाज आणि तीच धून. शेवटी आई स्वतः बाहेर गेली आणि मजल्यावर टॉवेलांची गाडी ढकलत चाललेली एक मुलगी तिला भेटली. आईनं अडचण सांगितली. ती मुलगी गेली आणि दहा मिनिटांत रबरी चटई, एक प्लास्टिकचं स्टूल आणि बादली घेऊन आली. टबाबाहेर, बेसिनच्या बाजूला निचऱ्याची जाळी होती, तिथे सगळं मांडून दिलं. "आजोबा, इथे बसून करा, पाणी इकडे जाईल," म्हणाली. तिच्या कामाची वेळ तेव्हा संपली होती. या लोकांना एका पाळीत साधारण बारा ते सोळा खोल्या आवराव्या लागतात. म्हणजे एका खोलीला साधारण अर्धा तास. त्या अख्ख्या इमारतीत माझ्या वडिलांची अडचण शेवटपर्यंत ऐकून घेणारी तेवढी एकच व्यक्ती होती, आणि तिच्या हातात ना खोली बदलणं होतं, ना बिल.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. सकाळी मी पोचलो तेव्हा टेबलावर जाड कागदाचं शुभेच्छापत्र होतं, सोनेरी अक्षरांत. नावं मात्र दुसऱ्याच जोडप्याची. मला संताप आला. आईनं ते शांतपणे परत पाकिटात घातलं आणि म्हणाली, "त्यांचं पत्र इकडे आलंय, म्हणजे ते बिचारे वाट बघत असतील." मग ती स्वतः खाली जाऊन ते देऊन आली. आई-बाबांच्या नावाचं पत्र आलंच नाही.

निघताना बिलात मिनीबारच्या, म्हणजे खोलीतल्या छोट्या फ्रिजातल्या, सहा बाटल्या लावलेल्या. आई-बाबांनी एकही उघडली नव्हती. झालं होतं असं, की बाबांची इन्सुलिनची न उघडलेली पेनं ठेवायला आईनं मिनीबारमधल्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. अशा काही मिनीबारना सेन्सर असतात. वस्तू ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ उचललेली राहिली की आपोआप बिलात चढते. मुळात ती जागा औषधाची नव्हेच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि आवाज होऊ नये म्हणून बऱ्याच मिनीबारमध्ये कॉम्प्रेसरच नसतो, त्यामुळे थंडावा बेताचाच. मागितला तर औषधांसाठी वेगळा छोटा फ्रिज अनेक हॉटेलं देतात. पण मागायचा कुणाकडे? त्या बाटल्या बिलातून काढायला पंचवीस मिनिटं गेली, कारण ती ओळ खोडायला वरिष्ठांची मंजुरी लागत होती. बाबा तेवढा वेळ काठीवर भार देऊन उभे. त्या सोफ्यावर बसायची त्यांची हिंमत नव्हती.

मॅनेजर शेवटी भेटले. दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या वेळी येताना सवलत देऊ म्हणाले. मला सवलत नको होती. परवा संध्याकाळी सहाला कुणीतरी वर येऊन तो टब बघायला हवा होता, एवढंच मी त्यांना म्हणालो.

हॉटेलांना तारे कसे मिळतात हेही मी वाचलं. जगभर लागू होईल असा एकच नियम नाही, देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या. पण बऱ्याच ठिकाणी भर मोजता येण्याजोग्या गोष्टींवर असतो: खोलीचं आकारमान, लिफ्ट, रिसेप्शन किती तास उघडं. लक्ष देणं कसं मोजणार? गंमत म्हणजे आज ज्याच्या नावाला ऐश्वर्याचा अर्थ चिकटलाय तो सेझार रिट्झ, त्यानं १८९८ मध्ये पॅरिसात हॉटेल उघडलं तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह ही त्याची मोठी मिरवण्याची गोष्ट होती. पण त्याचा लौकिक झाला तो पाहुण्यांच्या बारीकसारीक सवयी लक्षात ठेवण्यामुळे. आता लक्षात ठेवण्याचं काम संगणकाकडे दिलंय आणि संगणकात काय लिहिलंय ते वाचायला माणूस नाही.

आणखी एक वाचलं. चूक झाल्यावर हॉटेलनं ती झटकन आणि मनापासून निस्तरली, तर पाहुणा कधीकधी मुळात चूक झालीच नसती त्यापेक्षाही जास्त खूश होतो, असा विचार १९९२ मध्ये दोन अभ्यासकांनी मांडला. दरवेळी तसं घडत नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण बाबांच्या बाबतीत ते मी डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यापासून ते लॉबीबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. जो येतो त्याला त्या स्टुलाची गोष्ट सांगतात.

आता तुझ्याकडे एक काम. बुकिंग तुझ्या नावावर आहे, त्यामुळे तक्रार तुझ्याकडूनच जायला हवी. तारखा, वेळा, त्यांचं 'नोंद घेतली आहे' हे उत्तर आणि बिलाचा फोटो मी तुला आज रात्री वेगळं पाठवतो. पैसे परत मागायचे की नाही ते तू ठरव. पण त्या मुलीबद्दल मात्र स्वतंत्र पत्र लिही, तक्रारीच्या कागदात तिचं कौतुक घुसडू नकोस. नाहीतर चटई आणि स्टूल कुणाला विचारून दिलं, असं तिलाच कुणी विचारायचं. आईनं तिचं नाव आणि मजला लिहून ठेवलाय, तेही पाठवतो.

बाबांच्या कार्डावरची रक्कम बाराव्या दिवशी सुटली. ते तुझी सारखी चौकशी करतात. या रविवारी त्यांना फोन कर, आणि हॉटेलचा विषय त्यांनी काढला तर काढू दे.

तुझाच,
मित्र