उंदराला न होणारी कावीळ

महोदय,
‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशी बातमी वाचली की आपण लगेच हुरळून जातो. पण हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूला साध्या उंदराच्या यकृतपेशीत शिरताच येत नाही. पेशीत शिरण्याचे त्याचे दार म्हणजे ‘एनटीसीपी’ हे प्रथिन. ते २०१२ साली बीजिंगच्या संशोधकांना सापडले, तेही तुपाया या खारीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या यकृतपेशींमुळे. मग माणसाचे एनटीसीपी उंदरात बसवून पाहिले. तरी संसर्ग होईना! म्हणून मानवी यकृतपेशी रुजवलेले, आणि त्या परक्या पेशी टिकाव्यात यासाठी प्रतिकारशक्ती काढून घेतलेले उंदीर वापरतात. आता प्रतिकारशक्तीच नसेल, तर आजार काही माणसांच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण का मांडतो, हे त्या उंदराकडून कसे कळणार? बातमीत प्राणी नेमका कोणता, एवढे तरी छापत जा.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा